वाचकांचे प्रश्न : शेजारी देशांचे घोडे कुठे पेंड खाते?

डिसेंबर २०२५ मध्ये सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेच्या स्थापनेला चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त आम्ही छापलेल्या छोट्या टिपणावर पुणे शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकच आहे. शेजारच्या विकसनशील देशांनी व्यापारात आणि सुरक्षेत एकमेकांना धरून राहावे हे सर्वांना पटते, तर मग प्रत्यक्षात घोडे कुठे पेंड खाते? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ साली झाली. ही संघटना आता केवळ कागदावर उरली आहे काय? आणि याला एकटा पाकिस्तान जबाबदार आहे काय?
(सदाशिव पेठेतील एक निवृत्त शिक्षक)

सार्क विसर्जित झालेली नाही, हे आधी नोंदवायला हवे. काठमांडूचे सचिवालय चालू आहे आणि दिल्लीत २०१० साली सुरू झालेल्या दक्षिण आशियाई विद्यापीठात वर्ग भरत आहेत. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागली तेव्हा सदस्य देशांचे नेते दूरदृश्य बैठकीत एकत्र आले होते आणि भारताने एक कोटी डॉलर देऊन आपत्कालीन निधीची सुरुवात केली होती. त्या बैठकीत पाकिस्तानतर्फे पंतप्रधानांच्या ऐवजी त्यांचे आरोग्यविषयक सहायक बसले होते, यावरून मात्र हवा कळते.

राष्ट्रप्रमुखांची अठरावी परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. एकोणिसावी नोव्हेंबर २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती. १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरी येथील लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाल्यावर भारताने जाण्यास नकार दिला, पाठोपाठ बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्ताननेही नकार कळवला, आणि तेव्हापासून परिषद भरलेली नाही. पाकिस्तानचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. काठमांडूच्या परिषदेत मोटार वाहतुकीचा आणि रेल्वेचा करार सहीसाठी तयार होता आणि तो पाकिस्तानच्या आडमुठेपणामुळे बारगळला, कसाबसा ऊर्जेचा करार तेवढा पार पडला. भारताने पाकिस्तानला १९९६ साली व्यापारात सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा दिला होता. पाकिस्तानने तो भारताला कधीच दिला नाही, आणि पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतानेही तो काढून घेतला.

तरीही सगळे खापर एकाच डोक्यावर फोडणे मला पटत नाही, कारण दोष घडणीतच आहे. सार्कच्या सनदेचे दहावे कलम दोन गोष्टी सांगते : प्रत्येक पातळीवरचा निर्णय एकमताने घ्यायचा, आणि दोन देशांमधले किंवा वादग्रस्त विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत. या अटींशिवाय १९८५ साली ढाक्यात सातही देश एकत्र आलेच नसते. बांगलादेशाचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा दिल्लीला वाटले की लहान देश आपल्याविरुद्ध एकजूट करतील, आणि इस्लामाबादला वाटले की भारत या निमित्ताने सगळ्यांच्या डोक्यावर बसेल. पण ज्या संघटनेला भांडणाविषयी बोलण्याचीच मनाई आहे, तिने सुरक्षेत काय दिवे लावावेत? दहशतवादाच्या बीमोडाचा करार सार्कने १९८७ सालीच केला होता, आरोपीला एक तर ताब्यात द्या नाही तर स्वतः खटला चालवा असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. करार जागेवर आहे, पण तो कोणी पाळला नाही तर विचारणारे कोणी नाही.

भूगोलाचीही भर आहे. सार्कच्या एकूण लोकसंख्येपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक भारतात राहतात. शिवाय पाकिस्तान-अफगाणिस्तानची जोडी सोडली तर भारताखेरीज सार्कमधल्या इतर कुठल्याही दोन देशांची जमिनीवरची सीमा एकमेकांना लागत नाही, सगळ्यांच्या वाटा भारतातून जातात. ज्या सोसायटीत निम्म्याहून अधिक सदनिका एकाच सभासदाच्या मालकीच्या आहेत आणि जिनाही त्याच्याच दारावरून जातो, तिथे बाकीचे सभासद प्रत्येक ठराव दोनदा वाचून मगच सही करतात. दक्षिण आशियाई देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास अडकून पडला आहे, त्यामागे शत्रुत्वाइतकाच हा संशय आहे. आग्नेय आशियातल्या आसियान गटात हेच प्रमाण एक पंचमांशाहून अधिक आहे.

२०१८ साली आमच्या औंधच्या लष्करी तळावर बिमस्टेक देशांच्या सैन्याचा संयुक्त सराव झाला होता आणि नेपाळने ऐन वेळी माघार घेतली होती. आठवडाभराच्या अशा सरावांतून नेमके काय साधते?
(औंध येथील एक वाचक)

आपली आठवण बरोबर आहे. बिमस्टेक हा बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांचा गट. १० ते १६ सप्टेंबर २०१८ या काळात औंधला हा सराव झाला. विषय होता निमशहरी भागात लपलेल्या दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई, आणि प्रत्येक देशाने तीसेक जणांची लहान तुकडी पाठवायची होती. भारत, बांगलादेश, भूतान, श्रीलंका आणि म्यानमार यांच्या तुकड्या मैदानात उतरल्या, थायलंड आणि नेपाळ यांनी मात्र केवळ निरीक्षक पाठवले. नेपाळची माघार अधिक बोचली, कारण जेमतेम दोन आठवडे आधी, ऑगस्टच्या अखेरीस, बिमस्टेकची शिखर परिषद खुद्द काठमांडूत झाली होती आणि तिथेच भारताच्या पंतप्रधानांनी या सरावाचा उल्लेख केला होता. काठमांडूतल्या राजकीय वर्तुळात लगेच प्रश्न उठला की ही संघटना व्यापार आणि दळणवळणासाठी आहे, तिच्यात लष्कर आले कुठून आणि आम्हाला विचारले कोणी? सरकारने हात आखडता घेतला. त्याच महिन्यात नेपाळच्या लष्कराने चीनमध्ये चिनी लष्कराबरोबर सराव केला.

यात नेपाळची चीनकडे ओढ होती, असे आपल्याकडे सर्रास लिहिले गेले. ते पूर्ण खोटे नाही. पण २०१५ च्या उत्तरार्धात सीमेवर महिनोन् महिने झालेली नाकेबंदी ज्या देशाने सोसली, त्याच्या सरकारला भारतीय भूमीवर नव्या लष्करी गटात उभे राहिल्याचे दृश्य देशांतर्गत राजकारणात परवडणारे नव्हते. हा हिशेब आपल्याकडच्या नियोजनात आधी व्हायला हवा होता. मोठ्या देशाने परस्पर जाहीर केलेली गोष्ट लहान देशाला हुकमासारखी ऐकू येते.

आता सरावाच्या उपयोगाविषयी. औंधच्या तळावर परदेशी सैन्यांसोबत सराव करण्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. मार्च २०१६ मध्ये तिथे आसियानचे दहा आणि त्यांचे भागीदार आठ अशा अठरा देशांचा सराव झाला होता. विषय होते भूसुरुंग हटवणे आणि शांतिसेनेचे काम, आणि भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले होते. अशा बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व एका महिला अधिकाऱ्याकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. मार्च २०१९ मध्ये आफ्रिकी देशांच्या तुकड्या तिथे आल्या. एका आठवड्यात कोणाचे युद्धकौशल्य वाढत नाही. वाढते ती ओळख. बिनतारी संदेशाची पद्धत, घर तपासताना कोण पुढे आणि कोण मागे, जखमीला हलवण्याचा क्रम, या गोष्टी प्रत्येक सैन्यात थोड्या वेगळ्या असतात, आणि भूकंपानंतर किंवा शांतिसेनेत एकत्र उभे राहण्याची वेळ आली की हा थोडा फरक महागात पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यातच बिमस्टेक देशांचा आपत्ती निवारणाचा सराव झाला, महासाथ चालू असतानाच दुसरी आपत्ती आली तर काय करायचे, असा त्याचा विषय होता. त्याच्यावर कुठल्याही राजधानीत गदारोळ झाल्याचे ऐकिवात नाही. माझ्या मते बिमस्टेकने पहिले पाऊल या बाजूने टाकायला हवे होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत भूतान, मालदीव यांसारख्या मित्रदेशांचे छात्र आपल्या छात्रांबरोबर तीन वर्षे काढतात, त्या ओळखी आठवड्याच्या सरावापेक्षा कितीतरी टिकाऊ असतात.

आसियानच्या देशांमध्येही भांडणे होती, मग त्यांचे कसे जमले? त्यांनी सुरक्षेत खरोखर काही केले आहे का, की ती बोलाचीच कढी आहे?
(फर्ग्युसन रस्त्यावरील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक)

भांडणे होती, आणि ताजी होती. इंडोनेशियाने १९६३ ते १९६६ या काळात मलेशियाविरुद्ध अघोषित युद्धच चालवले होते, आणि फिलिपिन्सचा मलेशियाच्या सबा प्रांतावर दावा होता. सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडले होते. या देशांनी थायलंडसह ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकला आसियान स्थापन केली. निर्णायक गोष्ट अशी की सर्वात मोठा देश, इंडोनेशिया, अध्यक्ष सुकार्नो यांच्यानंतर स्वतःहून मागे सरला. त्याने दंडेली थांबवली, गटाचे पुढारीपण मिरवले नाही, आणि लहान सिंगापूरलाही बरोबरीने बोलू दिले. पुढची नऊ वर्षे तर शिखर परिषदही झाली नाही, पहिली परिषद १९७६ मध्ये बालीला झाली. अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना एकमेकांची सवय व्हायला एवढा अवधी मिळाला.

सुरक्षेत त्यांनी काय केले, याचे सर्वात पाहण्यासारखे उदाहरण मलाक्काच्या सामुद्रधुनीचे आहे. या चिंचोळ्या वाटेवर एका बाजूला मलेशिया आणि सिंगापूर तर दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे चाच्यांचा एवढा उच्छाद झाला की जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजाराच्या समितीने ही सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या यादीत टाकली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी नौदल इथे गस्तीला येणार अशी हूल उठली होती आणि मलेशिया व इंडोनेशिया दोघेही अस्वस्थ झाले होते. बाहेरचा पहारेकरी नको असेल तर स्वतः पहारा देणे भाग होते. जुलै २००४ मध्ये तिन्ही देशांनी समन्वित गस्त सुरू केली. ‘समन्वित’ म्हणजे प्रत्येकाने आपापल्याच हद्दीत फिरायचे, वेळा आणि माहिती जुळवून घ्यायची, आणि पाठलाग करताना दुसऱ्याच्या पाण्यात शिरायचे नाही. सप्टेंबर २००५ पासून विमानांची गस्त सुरू झाली तेव्हा मात्र विमाने सीमा ओलांडू शकत होती, कारण त्यात प्रत्येक सहभागी देशाचा अधिकारी बसलेला असे आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत शिरायची मनाई होती. एखादे संशयास्पद जहाज दिसले की ज्याच्या हद्दीत ते असेल त्याच देशाचा अधिकारी आपल्या नौदलाला कळवायचा. सार्वभौमत्वाच्या नावाने कोणाला ओरड करायला जागाच ठेवली नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये विमा समितीने सामुद्रधुनीचे नाव यादीतून काढले. थायलंड २००८ मध्ये या गस्तीत आला. याच्यात कुठलेही संयुक्त सैन्य नव्हते की मुख्यालय नव्हते. काम एकच आणि अरुंद होते, आणि ते न झाल्यास कोणाच्या खिशाला किती चाट बसते हे विम्याच्या बिलावर दिसत होते.

आसियानच्या मर्यादाही सांगायला हव्यात. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर आसियानने पाच कलमी तोडगा काढला, तिथल्या सेनापतींनी तो धाब्यावर बसवला. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया या दोन सदस्य देशांनी एकमेकांवर तोफा डागल्या. मलेशियाच्या मध्यस्थीने पाच दिवसांत गोळीबार थांबला, पण डिसेंबरात पुन्हा पेटला. तेव्हा आपल्या परीक्षेत आसियानला आदर्श म्हणून मांडताना हात जरा राखून लिहावे.

मी कांदा उत्पादक आहे. आमच्या कांद्याची निर्यात बंद झाली की आमचा भाव पडतो हे आम्हाला कळते. पण टीव्हीवरचे तज्ज्ञ त्याचा संबंध परराष्ट्र धोरणाशी लावतात, तो कसा?
(मंचर परिसरातील एक वाचक)

संबंध सरळ आहे आणि तो दिल्लीपेक्षा ढाक्यात अधिक जाणवतो. बांगलादेश अनेक वर्षे भारतीय कांद्याचा सर्वात मोठा ग्राहक राहिला आहे, आणि तिथल्या बाजारात कांदा महागला की आपल्याकडच्यासारखीच सरकारची झोप उडते. भारताने २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी जाहीर केली. काही दिवसांतच बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्या हसत हसत म्हणाल्या की आपण आचाऱ्याला कांदा वापरू नको असे सांगितले आहे, आणि बंदीपूर्वी थोडी सूचना मिळाली असती तर बरे झाले असते. सभागृहात हशा पिकला. ढाक्यात मात्र भाव कडाडले आणि इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान अशा देशांतून चक्क विमानाने कांदा आणावा लागला. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा बंदी आली आणि पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या सीमानाक्यांवर भरलेले ट्रक दिवसेंदिवस उभे राहिले. गोण्यांमध्ये कांदा सडला, त्याचे नुकसान नाशिक-पुण्याच्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी सोसले. तिसरी बंदी ८ डिसेंबर २०२३ ची, ती मे २०२४ मध्ये उठली, तीही चाळीस टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य लावून.

शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा ही प्रत्येक सरकारची निकड असते आणि तिला मी नावे ठेवणार नाही. पण ज्या शेजाऱ्याला आपण दहशतवादी पकडून द्या, तुमच्या बंदरातून आमचा माल ईशान्येकडे जाऊ द्या असे सांगतो आणि त्याने ते केलेही, त्याला रातोरात बंदीची बातमी वर्तमानपत्रातून कळावी हे बरोबर नव्हे. बांगलादेशाने आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेचे नेते अरविंद राजखोवा यांना २००९ च्या सुमारास आणि अनुप चेतिया यांना २०१५ मध्ये भारताच्या हवाली केले. ईशान्य भारतातली बंडखोरी ओसरण्याला त्याचा केवढा हातभार लागला, हे लष्करातले कोणीही सांगेल. सुरक्षेतली अशी मदत तिथल्या सरकारला स्वतःच्या जनतेसमोर समर्थनीय ठरवावी लागते, आणि ‘भारताकडून आपल्याला काय मिळते’ या प्रश्नाचे उत्तर त्या जनतेला बाजारातच मिळते.

आपल्या जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण लसीचे आहे. हडपसर-मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या कोविशिल्डच्या कुप्या जानेवारी २०२१ मध्ये सर्वांत आधी भूतान आणि मालदीवला गेल्या, लगोलग नेपाळ आणि बांगलादेशाला. त्या वेळी भारताविषयी शेजारी देशांत जी सदिच्छा होती ती मोठ्या कर्जानेही विकत मिळाली नसती. बांगलादेशाने तर तीन कोटी मात्रांचा रोख करार केला होता. दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि त्यांच्या हातात सत्तर लाख मात्रा पडल्यावर पुढचा माल महिनोन् महिने आला नाही. ती पोकळी चीनच्या लसीने भरून काढली. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात खाटा आणि प्राणवायू मिळत नव्हता, तेव्हा निर्यात चालू ठेवा असे कोणते सरकार म्हणाले असते? तरी प्रश्न उरतोच. वाईट दिवस येणारच असतात, तर करार करतानाच त्या दिवसाची तरतूद का लिहू नये? किती टक्के माल कोणत्याही परिस्थितीत शेजाऱ्याला जाईल, बंदी आलीच तर वाटेत असलेल्या मालाचे काय, आगाऊ सूचना किती दिवसांची, एवढे तीन मुद्दे जरी ठरले तरी आपल्या चाळीतल्या कांद्यालाही त्याचा आधार होईल.

आफ्रिकेतल्या देशांनी संयुक्त सैन्य पाठवून शेजारच्या देशांतले बंड मोडले आहे. दक्षिण आशियात असे सैन्य का नसावे?
(कोथरूड येथील एक वाचक)

आपला रोख पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास या गटाकडे दिसतो. २८ मे १९७५ रोजी लागोसच्या कराराने पंधरा देशांचा हा आर्थिक गट झाला. १९७९ मध्येच त्यांनी एकमेकांच्या नागरिकांना नव्वद दिवस बिनव्हिसा येण्याची मुभा दिली, जी सार्क देश एकमेकांना आजही देऊ शकलेले नाहीत. १९९० मध्ये लायबेरियात यादवी भडकली तेव्हा या गटाने सैन्य पाठवले आणि पुढे सिएरा लिओनमध्येही. दोन्हीकडे बहुतेक सैनिक आणि बहुतेक पैसा नायजेरियाचा होता, आणि त्या सैन्याच्या वागणुकीबद्दल गंभीर तक्रारीही झाल्या. सर्वात स्वच्छ यश गांबियातले. डिसेंबर २०१६ ची निवडणूक हरूनही याह्या जामेह खुर्ची सोडेनात, म्हणून विजयी उमेदवार अदामा बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ रोजी डाकारच्या गांबियन वकिलातीत झाला. सेनेगलच्या नेतृत्वाखाली सैन्य सीमा ओलांडून आत आले आणि दोनच दिवसांत जामेह देश सोडून गेले.

आता पुढचे पान पाहा. २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. इकोवासने आठवड्याची मुदत देऊन बळाच्या वापराची धमकी दिली आणि नायजेरियाने नायजरची वीज तोडली. मुदत संपली, सैन्य गेले नाही. नायजेरियाच्या सिनेटने विरोध केला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच हौसा समाजाची वस्ती असल्याने उत्तर नायजेरियातल्या लोकांनाही ही लढाई नको होती. अंधार मात्र नायजरच्या सामान्य माणसाच्या घरात पडला. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी आपला वेगळा संघ काढला आणि २९ जानेवारी २०२५ पासून हे तिघे इकोवासच्या बाहेर आहेत.

दक्षिण आशियात असे सैन्य उभे केले तर त्यातही बहुतेक सैनिक आणि पैसा भारताचाच असेल, आणि ते कुठेही गेले तरी त्याला भारताचे सैन्य असेच म्हटले जाईल. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेत हजारावर भारतीय जवान कामी आले आणि शेवटी सिंहली व तमिळ दोघांनाही ती नकोशी झाली होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचे बंड मात्र भारतीय छत्रीधारी सैनिकांनी काही तासांत मोडले. पण तिथल्या अध्यक्षांनी स्वतः बोलावले होते आणि काम संपताच आपण बहुतेक सैन्य परत आणले. भारत आणि मालदीवच्या तटरक्षक दलांचा ‘दोस्ती’ हा सराव १९९१ पासून चालू आहे, श्रीलंका त्यात २०१२ मध्ये आली, आणि मालदीवमधल्या सरकारांचा सूर बदलत राहिला तरी तो मोडलेला नाही. हीच रीत मला आपल्याकडे झेपणारी वाटते.

सार्क देशांचे युरोसारखे एकच चलन कधी होईल?
(हडपसर येथील एक वाचक)

नजीकच्या काळात नाही, आणि होऊही नये. ज्या देशांमध्ये ट्रक सीमेपलीकडे जात नाही तिथे चलन एक करून उपयोग काय? रिझर्व्ह बँक सार्क देशांच्या मध्यवर्ती बँकांना अडचणीत अल्प मुदतीसाठी डॉलर किंवा रुपये देते, ती चलन अदलाबदलीची सोय सध्या पुरेशी आहे.

पाकिस्तानशी आता सगळेच संपले आहे. अशा दोन अण्वस्त्रधारी शत्रूंमध्ये सहकार्याची भाषा भाबडी नाही काय? जगात कुठे असे वैर मिटले आहे का?
(वानवडी येथील एक माजी लष्करी अधिकारी)

आपल्याइतकी सीमा मी जवळून पाहिलेली नाही, तेव्हा उपदेश न करता एक इतिहास सांगतो. ब्राझील आणि अर्जेंटिना हे दक्षिण अमेरिकेतले जुने प्रतिस्पर्धी. दोन्हीकडे लष्करी राजवटी, दोघांचेही अणुकार्यक्रम आंतरराष्ट्रीय तपासणीच्या बाहेर. त्यांच्यातला पहिला मोठा तंटा पाण्याचा होता. पाराना नदीवरच्या इताइपू धरणावरून तो चालला आणि १९७९ मध्ये पराग्वेसह त्रिपक्षीय करार होऊन मिटला. दुसऱ्याच वर्षी, दोन्हीकडे सेनापतीच सत्तेवर असताना, अणुऊर्जेत सहकार्याचा करार झाला. लोकशाही आल्यावर अध्यक्ष आल्फोन्सिन आणि सार्ने यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये संयुक्त घोषणा केली. मग १९८७ मध्ये आल्फोन्सिन यांनी सार्ने यांना पिल्कानियेऊ येथे आपला गुप्त राहिलेला युरेनियम समृद्धीकरणाचा कारखाना दाखवला आणि पुढच्या वर्षी सार्ने यांनी त्यांना आपला दाखवला. १९९१ मध्ये दोघांनी मिळून एक तपासणी संस्था काढली, तिच्यात ब्राझीलचे तपासनीस अर्जेंटिनाचे प्रकल्प तपासतात आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलचे. मेर्कोसूर हा व्यापारी गट त्याच वर्षी झाला. म्हणजे पाणी आधी, अणू मग, बाजार शेवटी. आपण सार्कमध्ये बाजाराविषयी बोललो, पण पाणी आणि अणू हे शब्द उच्चारायचेच नाहीत असे ठरवले होते.

अर्थात त्या दोघांमध्ये काश्मीर नव्हते आणि सीमेपलीकडून पोसलेला दहशतवादही नव्हता, हा फरक मी लपवणार नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित केला आणि सार्क योजनेखालचे पाकिस्तानी व्हिसा रद्द केले, त्या निर्णयामागचा संताप समजण्यासारखाच आहे. पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. १९८८ च्या शेवटच्या दिवशी झालेल्या करारानुसार दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही ही प्रथा मोडली नाही आणि पुलवामानंतरही नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तवी नदीला पूर आला तेव्हा जलकरार स्थगित असतानाही भारताने वकिलातीमार्फत पाकिस्तानला इशारा दिला. दोन्ही बाजूंना जे खरोखर नको आहे, म्हणजे अणुप्रकल्पावर चुकून हल्ला किंवा झोपेत वाहून गेलेली गावे, तेवढ्यापुरता संवाद टिकला आहे. याहून अधिक आजच्या घडीला मागणे मलाही भाबडेपणाचे वाटते.

सध्या आपल्या भागात खरोखर पुढे सरकलेली अशी एखादी गोष्ट सांगाल का? सगळे ऐकून निराशा येते.
(चिंचवड येथील एक अभियंता)

आपण अभियंता आहात म्हणून विजेचेच उदाहरण देतो. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलीगुडीजवळ भारताची वीसेक किलोमीटर रुंदीची पट्टी आहे. नेपाळमध्ये पावसाळ्यात जलविद्युत उतू जाते आणि नेमके त्याच काळात बांगलादेशाला वीज हवी असते, तरीही वर्षानुवर्षे या दोघांचा सौदा होऊ शकत नव्हता, कारण तारा भारतातून न्याव्या लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत त्रिपक्षीय करार झाला. तो होण्याच्या दोन महिने आधीच ढाक्यातले सरकार कोसळले होते आणि दिल्ली-ढाका संबंध बिघडले होते, तरी करार झाला. त्यानुसार १५ जून ते १५ नोव्हेंबर या पाच महिन्यांत नेपाळ चाळीस मेगावॉट वीज देतो. ती ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीने भारतात येते आणि बहरमपूर-भेरामारा वाहिनीने बांगलादेशात जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका दिवसापुरती सुरुवात झाली, आणि १५ जून २०२५ पासून पुरवठा नियमित झाला.

चाळीस मेगावॉट म्हणजे बांगलादेशाच्या गरजेच्या मानाने नगण्य, हे आपल्याला मी सांगायला नको. शिवाय ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार आहे त्याची वीज भारत घेत नाही, म्हणून नेपाळच्या काही प्रकल्पांची वीज या वाटेवर येऊच शकत नाही. सुरक्षेची ही अट भारताच्या दृष्टीने रास्त आहे आणि नेपाळच्या दृष्टीने जाचक. बांगलादेश आता नेपाळकडे अधिक वीज मागत आहे. ती द्यायची तर भारतातल्या वाहिन्यांची क्षमता वाढवावी लागेल, आणि तो खर्च तिघांपैकी कोणी उचलायचा हा प्रश्न येतो. प्रश्न आता वाहिन्यांच्या क्षमतेचा आणि खर्चाचा उरला आहे, त्यामुळे मी तरी याला प्रगतीच म्हणतो.